कोरडी साक्ष

सलूनवाल्याचा वस्तरा मास्तरांच्या गळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मास्तर मान मागे टाकून बसले होते, त्यामुळे त्यांना आधी छत दिसत होतं, मग सलूनवाल्याची हनुवटी, आणि ती हनुवटी वळली होती कोपऱ्यातल्या टीव्हीकडे. टीव्हीवर गाद्यांच्या कारखान्याचा मालक बोलत होता. मागच्या भिंतीवर आगीत गेलेल्या सात कामगारांचे फोटो लावले होते. मालकाचा सदरा पांढरा, वरचं बटण उघडं, केस हाताने सारखे केल्यासारखे. "ते माझे नोकर नव्हते," मालक म्हणाला. "ती माझी..." आणि थांबला. खाली पाहिलं. डोळे भरून आले, एक थेंब नाकाच्या कडेने ओघळला, पण त्याने तो पुसला नाही. "माणसं होती." बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाने पेपर मांडीवर ठेवला. "बोलवेना हो त्याला," सलूनवाला म्हणाला. "एवढा पैसेवाला माणूस, पण काळीज आहे बघा." वस्तऱ्याची धार तशीच गळ्यावर टेकलेली. मास्तरांनी समोरच्या आरशात डोळे वळवले, तेव्हा त्यांना दिसलं की साबणाच्या फेसाखाली आपले ओठ हलताहेत. 'माझी' आणि 'माणसं' यांच्यामधला तो थांबा ते मनात मोजत होते. आणि सगळ्यात आधी त्यांच्या छातीत जे उसळलं ते दुःख नव्हतं, लाजही नव्हती. जमलं, असं त्यांना वाटलं. बेट्याला जमलं! पहिल्या अंकाचा पडदा पडला की विंगेत उभ्या माणसाच्या पोटात जी ऊब पसरते, तीच ऊब. कित्येक वर्षांत ती पसरली नव्हती. मग फेस वाळून गालाची कातडी ओढायला लागली आणि ती ऊब हळूहळू आंबत गेली.

दाढी झाल्यावर मास्तर रस्त्यावर आले, पण घराकडे वळले नाहीत. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. शाळेत ते कधीच मास्तर नव्हते तरी. उभी हयात त्यांनी नाटकं बसवण्यात आणि माणसांना नट बनवण्यात घालवली होती. तरुणपणी रिकाम्या रंगमंचावर, एका खुर्चीच्या आधाराने त्यांनी एक नाटक बसवलं होतं, त्याचं नाव जुनी माणसं अजून काढत. ज्या थिएटरात ते झालं तिथे आता फरशांचं दुकान होतं; ज्या जागी नायक कोसळायचा तिथे न्हाणीघराचा नमुना मांडलेला होता, नळासकट. पुढे नाटकं कमी होत गेली आणि वर्ग वाढत गेले. छापखान्याच्या वरच्या मजल्यावरची लांबोडकी खोली, खालून यंत्रांची धडधड, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात ओल लागलेला जुना पडदा. तिथे त्यांनी पोरापोरींना एकच गोष्ट शिकवली: खोटं करू नका. "रडू नका, रडू येऊ द्या," ते म्हणायचे. नुसता 'नाही' एवढा शब्द खरा यावा म्हणून एकाला त्यांनी अख्खी सकाळ उभं केलं होतं. तो पोरगा शेवटी चिडून ओरडला, "नाही!" आणि मास्तर म्हणाले, "हा. आता आलास." लोकांना हे किस्से आवडत. मास्तरांनाही आवडत. शिष्य मालिकांत गेले, जाहिरातींत गेले, रस्त्यात भेटले की गाडी थांबवून नमस्कार करत आणि सिग्नल सुटला की निघून जात. नवं नाटक मात्र कुणी मागायला येत नव्हतं.

म्हणूनच पोपट आला तेव्हा मास्तरांना बरं वाटलं होतं. पोपट हे त्याचं वर्गातलं नाव. संवाद घडाघडा पाठ, पण आत पोचायचं नाही काही. नट कुठला होणार म्हणून त्याने वेळीच तो नाद सोडला आणि मोठ्या लोकांची प्रसिद्धी सांभाळायचं काम धरलं. कारखान्याचा मालक त्यांतलाच एक. आग लागून तीन-चार दिवस झाले होते. पोपट मास्तरांच्या खोलीत आला, जुन्या जागी खाली बसला आणि म्हणाला, "मास्तर, साहेबांना दुःख आहेच हो. झोप नाही त्यांना. पण बाहेर येत नाही. कॅमेऱ्यासमोर दगडासारखे दिसतात. लोक नाही नाही ते बोलताहेत. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलं ते भुकेल्या माणसाने ताटाचा आवाज ऐकावा तसं. मुक्या दुःखाला वाट करून द्यायची, यात वाईट काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते समजावणं पहिल्या भेटीपर्यंत टिकलं. मालकाच्या बंगल्यात, जाड गालिच्यावर, मालकाने त्यांना विचारलं, "साधारण किती वेळ रडायचं असतं?"

त्याच क्षणी उठायला हवं होतं. पण मास्तरांची खुमखुमी जागी झाली होती. दगडाला पाझर फोडायचा म्हणजे काय असतं हे उठून गेलेल्या माणसाला कसं कळणार? तीन दिवस ते मालकाच्या आयुष्यात चाचपडत हिंडले. वडील गेले तेव्हा? काही नाही. पहिली बायको? मालक घड्याळ बघायला लागला. शेवटी शाळेची गोष्ट निघाली. लहानपणी त्याला दूरच्या वसतिगृहात ठेवलं होतं. आई सोडायला आली होती. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा हा पायरीवर उभा होता, आई मागच्या काचेतून वळून पाहील म्हणून. ती वळली नाही. हे सांगताना मालकाचा आवाज पहिल्यांदाच जरासा घसरला आणि मास्तरांनी, घारीने झडप घालावी तशी, ती जागा पकडली. "फोटोंकडे बघायचं नाही," त्यांनी सांगितलं. "त्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघायचं. 'माझी' म्हणा आणि थांबा. ती वळतेय का बघा. नाही वळली की मग 'माणसं' म्हणा. आणि डोळे पुसायचे नाहीत. खरा माणूस लगेच पुसत नाही." मालक एकदा रडला, दुसऱ्यांदा रडला, आणि तिसऱ्या वेळी रडून झाल्यावर स्वतःच चकित होऊन हसला. म्हणजे अश्रू खरे होते. एका सात-आठ वर्षांच्या पोराचे होते. फक्त ते ज्यांच्या नावावर जमा झाले ते सात जण वेगळे होते.

घरी पोचले तोवर बायकोने टीव्ही पाहिलेला होता. ती एके काळी मास्तरांच्याच नाटकांत काम करायची, म्हणून लग्नानंतरही अरेतुरेच करायची. एका तालमीत सगळ्यांसमोर मास्तर तिला "तू खोटं रडतेस" म्हणाले होते. त्या दिवशी सकाळीच तिला तिच्या भावाच्या आजाराचं कळलं होतं, ती भूमिकेसाठी रडतच नव्हती. तिने काही न बोलता गालावरचा रंग पुसला, आणि पुढे कपडेपटाचं काम घेतलं. त्याविषयी दोघं कधी बोलली नाहीत. आता ती एका झग्याची शिवण उसवत बसली होती. मास्तर चपला काढत असताना मान वर न करता म्हणाली, "तो थांबा तुझा होता."

मास्तरांनी चपला भिंतीशी सरकवल्या.

"तुझा नसता तर मी पण रडले असते," ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

त्यानंतरचे दिवस मास्तरांना धड आठवत नाहीत असे गेले. वर्ग घेताना मध्येच त्यांचं लक्ष उडायचं. एखादी मुलगी जीव ओतून काही करत असायची आणि यांना तिच्या चेहऱ्यात गाडीची मागची काच दिसायची. पेपरांत मालकाची तारीफ छापून आली. कारखान्यापुढे दगडफेक करणारे घरी गेले. एक चौकशी समिती नेमली गेली, निवृत्त न्यायाधीशांची. प्रश्न एकच होता: आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं की नव्हतं? मुकादमापासून मालकाची सगळी माणसं म्हणत होती, दार उघडंच होतं, धुरात सापडलं नसेल बिचाऱ्यांना. दाराचा कोळसा झाला होता, ढिगाऱ्यात कुलूप सापडलं नव्हतं. कोळशाला काय विचारणार? मास्तर ही बातमी रोज वाचायचे आणि पेपराची घडी घालून खुर्चीखाली सरकवायचे, जणू तो कुणाच्या नजरेस पडू नये.

एका दुपारी जिना चढून दोन बायका खोलीत आल्या. पुढची तरुण, हातात फायली. ती वकील होती, कामगारांच्या बाजूने लढत होती. लहानपणी आईबरोबर मास्तरांची नाटकं पाहिल्याचं तिने सांगितलं. मागची बाई चाळिशीच्या आतबाहेर, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, आणि गेलेल्या सातांतल्या एकाची बायको होती.

"दाराला कुलूप होतं हे सांगणाऱ्या या एकट्याच आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "यांच्या नवऱ्याने आतून फोन केला होता. पण मास्तर, या जे सांगतात ते ऐकून कुणाला काही वाटतच नाही. मी तालीम घेऊन पाहिली. सामानाची यादी वाचल्यासारखं सांगतात. लोकांनी त्या मालकाला रडताना पाहिलंय. यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. मी कुणाला खोटं बोलायला सांगत नाहीये. खरंच आहे ते. फक्त..." त्या अडखळल्या. "यांना थोडं रडायला शिकवाल?"

खाली छापखान्याचं यंत्र थांबलं आणि खोलीत एकदम पोकळी झाली. मास्तरांना वाटलं, ही थट्टा आहे. कुणाला तरी कळलंय आणि मुद्दाम पाठवलंय. पण वकीलबाईच्या चेहऱ्यावर नुसती गरज होती. मास्तरांनी त्या दुसऱ्या बाईला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काय झालं ते सांगा. कुणी विचारलंय म्हणून नाही. नुसतं सांगा."

बाईने पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. "दुपारी फोन आला. मी कामावर होते. म्हणाले, आग लागलीय, मागच्या दाराला कुलूप आहे. मी म्हटलं, किल्ली कुणाकडे? म्हणाले, मुकादमाकडे. तू फोन ठेव, मला त्याला लावायचाय. मी ठेवला." ती थांबली. तो थांबा कुठेच नेत नव्हता. बोलणं संपलं म्हणून ती थांबली होती, एवढंच.

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग काही नाही. इस्त्री तापलेली होती. हातातली चादर पुरी केली."

"फोन पुन्हा लावला नाहीत?"

"ते मुकादमाशी बोलत असतील ना. मध्ये माझा फोन आला तर लाइन अडकेल. म्हणून नाही लावला. तीन चादरी झाल्या."

मास्तरांच्या उभ्या हयातीत त्या खोलीत इतकं खरं कुणी काही बोललं नव्हतं. तीन चादरी. त्यांनी शंभर नटांना ओरडायला लावलं असेल, पण त्या चादरींपाशी त्यांतला एकही पोचला नसता. हिच्या बोलण्याला हात लावायचा? हिला कुठली तरी मागची काच शोधून द्यायची? त्यांच्या डोळ्यांसमोर मालकाच्या गालावरचा थेंब आला. आणि त्याच वेळी, अगदी आत, कुठे तरी सुटकेसारखंही काही वाटलं. निदान इथे तरी आपल्याला स्वच्छ राहता येईल. ते उठून उभे राहिले. "यांना काहीही शिकवायचं नाही," ते वकीलबाईला म्हणाले, आवाज त्यांना हवा त्यापेक्षा जास्त घुमला. "एक अक्षर बदलू नका. जसं आहे तसं सांगू द्या. हे ऐकून ज्याला कळणार नाही तो माणूसच नाही."

वकीलबाईंना ते पटलं नाही. पण मास्तरांचं नाव मोठं होतं, पांढरे केस होते. वकीलबाईंनी मान डोलावली. बाईने विचारलं, "म्हणजे माझं बरोबर आहे?"

"अगदी बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

साक्षीच्या दिवशी मास्तर मागच्या रांगेत जाऊन बसले. उंच खिडक्यांचं दालन, टेबलावर पाण्याचे पेले, पंख्याखाली फडफडणारे कागद. बाईने तसंच सांगितलं, एक अक्षर न बदलता. मालकाचा वकील उठला, फार नम्र माणूस. "तुमचा नवरा आगीत अडकलाय हे कळल्यावर तुम्ही काय केलंत?" "चादर पुरी केली." "किती चादरी?" "तीन." दालनात कुजबुज झाली. "ताई, मी तुमच्या दुःखाचा आदर करतो," वकील म्हणाला, "पण फोनवर त्यांनी खरोखर असं सांगितलं असतं, तर कुठल्या बायकोने इस्त्री केली असती?" बाईच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ती म्हणाली, "इस्त्री तापलेली होती." कुणी तरी हसलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि काही तरी लिहून घेतलं. मास्तर वाट पाहत होते, की आता, आता हे दालन हादरेल. समोरच्या बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "कशी थंड आहे बघ." बाहेरच्या बोळात पोपटाने त्यांना गाठलं. "मास्तर! तुम्ही इकडे?" म्हणत त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "साहेब रोज आठवण काढतात तुमची. तुम्ही रडायला शिकवलंत म्हणून निभावलं." त्याच्या खांद्यावरून मास्तरांना दिसलं की भिंतीशी उभी असलेली ती बाई ऐकते आहे. तिने पाहिलं आणि मान वळवली.

समितीचा अहवाल यायला बरेच महिने गेले. दाराला कुलूप असल्याचं सिद्ध होत नाही. एकमेव साक्षीदाराचं वर्तन स्वाभाविक वाटत नाही, त्यामुळे तिच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. मास्तरांनी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. "मी तिला खरं राहू दिलं," ते म्हणाले. बायको शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवून झाल्यावर म्हणाली, "तुला तुझे हात धुवायचे होते. पाणी तिचं वापरलंस." मास्तरांना राग आला, ते ताडकन उठून खिडकीशी गेले, पण रागाला धरायला काही सापडेना. बाहेर लोक भाजीच्या पिशव्या घेऊन चालले होते. यांतल्या कुणालाही विचारलं तर मालकाचं रडणं आठवेल, तीन चादरी आठवणार नाहीत. लोक वाईट नव्हते. त्यांना दुःख ओळखायला ज्या खुणा शिकवल्या होत्या त्या खुणांनी ते ओळखत होते, आणि शिकवणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे आहोत, हे मास्तरांना त्या खिडकीशी प्रथमच कळलं.

त्याच आठवड्यात बाई आली. एकटीच. वर्गातली मुलं नुकतीच पांगली होती, खुर्च्या अस्ताव्यस्त होत्या. मास्तरांनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"त्या मालकाला तुम्ही शिकवलंत म्हणे."

"हो."

"छान शिकवलंत. मी टीव्हीवर बघितलं तेव्हा मला पण वाटलं, माणूस बरा आहे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तीच यादी वाचल्यासारखी चाल. "मग मला का नाही शिकवलंत?"

मास्तर म्हणाले, "तुमचं खरं होतं. त्याला हात लावायचं मला... मला वाटलं, ते पाप होईल."

"खरं होतं ते मला ठाऊक होतं की," ती म्हणाली. "ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना दिसायला हवं होतं. तुम्हाला आवडलं म्हणून तुम्ही तसंच ठेवलंत. पण न्याय तुम्ही करणार नव्हता." तिने पिशवी खुर्चीवर ठेवली. "वकीलबाई आता कोर्टात जाणार आहेत. तिथे पुन्हा बोलवतील म्हणतात. आता शिकवा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की नाही म्हणायचा अधिकार आपण केव्हाच खर्च करून बसलोय. त्यांनी दार लोटलं. समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या. मग ते शोधू लागले, जसं आयुष्यभर शोधत आले होते: आई कधी गेली, पहिलं मूल कसं झालं, कोण कधी सोडून गेलं. ती सगळ्याची उत्तरं देत होती, कोरडीच. शेवटी त्यांनी विचारलं, "नवरा रोज कामावर जाताना काय म्हणायचा?" ती म्हणाली, "काही नाही. जिन्यात थांबून चपलेतला खडा झटकायचे. रोज. मी म्हणायची, घरात कुठून येतो हो तुमच्या चपलेत खडा? तर हसायचे." आणि इथे, 'हसायचे' या शब्दावर, आवाज केसभर हलला. मास्तरांनी ती जागा पकडली. पकड जराही सुटली नाही. "फोनबद्दल बोलताना फोन आठवू नका," ते म्हणाले. "तो जिन्यात उभा आहे. खडा झटकतोय. 'दाराला' म्हणा, आणि थांबा. त्याच्याकडे बघा. मग 'कुलूप आहे'. चादरींबद्दल कुणी विचारलं तर म्हणा, हात काय करत होते ते मला कळत नव्हतं."

"मला कळत होतं," बाई म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तरी तसंच म्हणा."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा तिने मध्येच थांबून नाक ओढलं, ते खोटं होतं, मास्तरांनी तसं सांगितलं. मग तिने डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले, आणि उघडले. "म्हणाले, मागच्या दाराला..." ती थांबली. कुणाकडे तरी बघत राहिली. ओठ वाकडा झाला, गालावरून पाणी वाहायला लागलं, आवाज चिरला, "कुलूप आहे." खाली यंत्रं धडधडत होती. कुठलंही दालन यापुढे टिकलं नसतं. मास्तरांनी पहिल्या दिवशीचा तिचा तो सपाट आवाज कानांत आणून पाहायचा प्रयत्न केला. तो आला नाही. आला तो हाच, चिरलेला.

बाईने तळहातांनी तोंड पुसलं. तिला अजून धाप लागलेली होती. "हे रोज असंच येईल ना?" तिने विचारलं. "तारखेच्या दिवशी नेमकं आटलं तर?"

"येईल," मास्तर म्हणाले. "आता ते जाणार नाही."

"मग पुन्हा एकदा घेऊ," असं म्हणून ती खुर्चीत ताठ बसली आणि तिने डोळे मिटले.